खिडकीची सीट

“दोन सीटा भरल्याशिवाय गाडीत चढू नको, राही. आणि खिडकीची माझी.”

नवऱ्याचं, भागोजी तांडेलाचं, हे बोलणं राहीच्या कानांत इतकं ताजं होतं, की खंडूशेठच्या दुकानाची पायरी चढताना तिनं नकळत मागे वळून पाहिलं. मागे मुलगा शिवा तेवढा होता. कपाळाला आठ्या घालून.

आत मुनीम कुपनं तपासत होता. बंदरावरच्या या दुकानात जाळ्यापासून जिऱ्यापर्यंत सगळं मिळे. शंभराच्या खरेदीला एक कुपन आणि पाचशे कुपनांना काशीयात्रेच्या बसची एक सीट, अशी शेठची योजना होती. म्हणून डिझेल असो, दोर असो, घरावरचे पत्रे असोत की लेकीच्या लग्नाचा बस्ता असो, राहीनं पाच वर्षं दुसऱ्या दुकानाची पायरी चढली नव्हती. बंदरावरच्या बायका हसत. “राहीला खोकला झाला तरी औषध शेठकडचंच लागतं गो,” म्हणत.

ही कल्पना भागोजीचीच. होडीचा तांडेल, जन्म खाऱ्या पाण्यावर गेलेला माणूस. होडीत गोड्या पाण्याचं एक पिंप, ते संपत आलं की परत फिरायचं, हा त्याचा कायदा. गंगा समुद्रासारखी रुंद आणि तरी ओंजळीनं पिता येते, हे कुणीतरी सांगितलं तेव्हा त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाला, “एवढं पाणी, आणि सगळं गोड? हे बघायला हवं.” दुसऱ्याच दिवशी त्यानं पहिलं कुपन आणलं. पुढच्या वर्षी वादळात होडी सापडली. चौघे पोहून आले. तांडेल आला नाही. शरीरही मिळालं नाही.

राही कुपनं जमवत राहिली.

“वहिनी,” मुनीम चष्मा वर करून म्हणाला, “हजार आहेत खरी. पण यातल्या साठांचे नंबरच दिसत नाहीत. सगळी लाल झालीत.”

राही ओशाळली. प्रत्येक कुपन आधी देवापुढे ठेवून, हळदकुंकू वाहून मगच ती डब्यात टाकत असे. काशीची वाट ती, तिला रिकाम्या हातानं कसं ठेवायचं? पावसाळ्यात डब्याला ओल आली आणि कुंकू पसरलं.

खंडूशेठ गादीवरून उठून आला. “माझं काय नाय गो. पण यात्रा कंपनीवाला नंबर ताडून घेतो. तुझी एक सीट पक्की. दुसरी राहू दे.”

“पुढल्या साली?”

“पुढल्या साली बसच नाय. योजना बंद करतोय. सोमवारी सुटेल ती शेवटची.”

राही खालमानेनं उभी राहिली. मग शिवाकडे वळली. “तू नवं जाळं घेणार हायस ना? हितंच घे. साठ कुपनं त्यातच होतील.”

“आये, मुंबईत तेच जाळं चारशे रुपयांनी स्वस्त हाय. आणि दुसरी सीट हवी कुणाला? मालनमावशीला नेतेस? तिला बसमध्ये उलट्या होतात.”

“मालन नाय.”

“मग?”

“तुझ्या बापाची हाय ती.”

मुनिमाचे हात थांबले. शिवानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “आये, लोक हसतील. बाबांचं हाडसुद्धा गावलं नाय आपल्याला. सीटवर ठेवणार काय?”

राही कधी आवाज चढवून बोलत नसे. आताही चढवला नाही.

“दर्भाचा माणूस केला होता, शिवा. डोक्याच्या जागी नारळ ठेवला. भटजींनी सांगितलं, हाच तुझा बाप. तू त्याच्या पायांवर डोकं ठेवून ‘बाबा’ म्हणून रडलास, आणि अग्नी दिलास. चितेवर चालला तो नारळ. मग सीटवर का नाय चालणार?”

बाहेर बर्फ फोडल्याचा आवाज येत होता, तेवढाच. खंडूशेठनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

शिवा उभ्याउभ्या खांबाला टेकला. तळहातानं तोंड पुसलं.

“जाळं काढा, शेठ.”

“भाव तरी ऐक.”

“काढा तुम्ही.”

सोमवारी उजाडता उजाडता बस उभी होती. बायका पिशव्या, पितळी तांबे घेऊन चढल्या. राहीच्या आधी शिवा वर चढला. दारच्या माडाचा, शेंडी राखलेला एक नारळ त्यानं दोन्ही हातांत धरला होता. खिडकीच्या सीटवर त्यानं धुतलेलं धोतर घडी करून अंथरलं. नारळ त्यावर ठेवला. मग खिशातून नव्या जाळ्याची हिरवी दोरी काढली आणि नारळ सीटच्या पाठीला बांधला. लाटेवर सुटत नाही ती गाठ. बापानंच शिकवलेली. बांधून झाल्यावर तो वाकला, सीटला डोकं टेकलं आणि कुणाकडे न बघता खाली उतरला.

राही शेजारी बसली.

“बाय गो, वारा झोंबतोय, काच लाव,” मागून सगुणा म्हणाली.

“आपण पदर घेऊ गो डोक्यावर,” राही हलकेच म्हणाली. “त्यांना वारा लागतो.” आणि तिनं काच पुरती उघडली.

बस सुटली. पहिल्याच वळणावर ती कलंडल्यासारखी झुकली. बायकांनी दांडे धरले, तांबे गडगडले.

तांडेल तेवढा जागचा हलला नाही.