पुढची रांग

विमान उडाल्यापासून सून खिडकीकडे तोंड करून बसली होती. मान वळवायचं नाव नाही. एवढी महागाची, पुढची सीट दिली, तर दोन गोड शब्द नकोत तोंडात? सासूने असली माणसं पुष्कळ पाहिली होती. गोगलगाय नि पोटात पाय.

विमान तसं स्वस्तातलंच. मागे माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली होती आणि पाणीसुद्धा विकत घेत होती. पण पहिल्या रांगेचा थाट वेगळा. आधी चढायचं, आधी उतरायचं, खाणं फुकट. तीन खुर्च्यांतली मधली मुद्दाम रिकामी, कोपराला कोपर लागू नये म्हणून. त्या रिकाम्या खुर्चीवर सासूने दवाखान्याची फाइल ठेवली होती आणि फाइलीवर हात.

तिच्या मुलाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. तो महिन्याभरापासून दूरच्या शहरात, त्या फाइलवाल्या दवाखान्यात पडून होता; तिकडेच हे विमान चाललं होतं. आईची किडनी साखरेमुळे बाद झाली. भावाने फोन उचलायचंच सोडलं. बायकोची तेवढी जुळली. आज तीन वाजता दवाखान्याची कमिटी तिला समोर बसवणार होती. ती हो म्हणाली, की परवा ऑपरेशन.

"काय विचारतील?" सासूने सकाळपासून चौथ्यांदा घोकून घेतलं.

"राजीखुशीनं देतेस का."

"मग?"

"हो म्हणायचं."

"नुसतं हो नाही. हसून."

घरचं लाँड्रीचं दुकान होतं. पुढे पंख्याखाली गल्ल्यावर सासू, मागे पत्र्याच्या खोलीत, वाफेत सून. अकरा वर्षं. गिऱ्हाइकांना तिचे फक्त हात ठाऊक होते, पडद्याआडून घडी केलेले शर्ट पुढे सरकवणारे. पण रिपोर्ट आला आणि त्या दिवसापासून सुनेने इस्त्रीला हात लावला नव्हता. सासूने लावू दिला नव्हता. बादली उचलायची नाही, जिना भरभर चढायचा नाही. दूध सासू स्वतः आणून द्यायची आणि पेला रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची. आज विमानतळावर दोन्ही बॅगा तिनेच ओढल्या होत्या, दुखऱ्या गुडघ्यांनी.

एअर होस्टेसने खाण्याचे डबे आणले. सँडविच, चिप्स, ज्यूस. सुनेच्या डब्यातलं चिप्सचं पाकीट सासूने काढून घेतलं.

"मीठ नको तुला. पाणी पी. सगळं संपव."

वाटेच्या पलीकडच्या खुर्चीतल्या बाईला राहवलं नाही. "नशीबवान आहे हो तुमची सून. इथे सख्खी आई एवढं करत नाही."

सासू फुलली. "तळहातावरच्या फोडासारखी जपते. धक्का लागू देत नाही."

खोटं नव्हतं त्यात काही.

मग खाली घरांचे ठिपके दिसायला लागले, तशी सासूने फाइल उघडून सुनेपुढे धरली. उतरल्यावर न्यायला येणाऱ्या गाडीवाल्याचा नंबर मुलाने मोबाइलवरून पाठवलेल्या तिकिटांच्या छापील कागदावर होता. सासूला नोटांवरचे आकडे कळत, पण अक्षरओळख सहीपुरती; त्या छापील गर्दीत नंबर तिला सापडेना. "वाच गं नंबर. मोठ्यानं वाच."

सुनेने वाचला. मग पान उलटलं. पुढचं पानही वाचलं, कॉलरवरचा डाग शोधावा तसं, बोट फिरवत.

"आई, ही परतीची तिकिटं."

"असतील. जाण्यायेण्याची एकदम काढली. मी सांगत गेले, तो खाटेवरून मोबाइलवर दाबत गेला."

"तुम्ही दोघं पहिल्या रांगेत आहात. मी एकोणतिसाव्या."

सासूने चिप्सचं पाकीट दातांनी फोडलं. "त्याचं नुकतं ऑपरेशन झालेलं असेल. त्याला ऐसपैस लागेल."

"टाके मलाही असतील."

"तू धडधाकट आहेस. तुला काय धाड भरलीय?"

"तुमच्या दोघांच्या मधली खुर्ची?"

"ती रिकामीच असते. नियमच आहे त्यांचा."

सुनेने फाइल मिटली आणि त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली. नीट, कडेला कड जुळवून. खाली चाकं उघडली आणि पायाखालचा तळ थरथरला. आज पहिल्यांदा ती पुरती वळून सासूकडे बघत होती. आवाज चढलेला नव्हता. कुठल्या शर्टाला खळ घालायची, असं विचारावं तसा साधा.

"एकच सांगा. मग आज मला पुढे का बसवलंत?"

तीन वाजायला अजून अवकाश होता. एक गोड थाप पुरली असती, आणि गिऱ्हाइकांना थापा मारण्यात सासूचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण पलीकडची बाई कान देऊन ऐकत होती. आणि पत्र्याच्या खोलीतल्या बाईने पुढच्या खुर्चीचा हिशेब मागावा, हे सासूच्या जिभेला सोसेना.

"तू कुठे बसलीयस गं पुढे?" ती म्हणाली. "पुढे किडनी बसलीय. आणि येतानाही ती पुढेच बसणार आहे, माझ्या लेकाच्या पोटात."