चिठ्ठीत पाय लिहिला होता

"तुमच्या लेकीच्या 'काही नाही'वर जाऊ नका हं," असं शाळेच्या नर्सबाईंनी मागेच बजावलं होतं. आईने ते हसण्यावारी नेलं. वर कौतुकाने म्हणाली, "सोसण्यात माझ्यावर गेलीय."

आता ती लेक मैदानाच्या मधोमध गवतावर आडवी होती आणि आई दोरीच्या अलीकडे, इतर पालकांत उभी होती. खेळताना कुणाला जबर दुखापत झाली तर कोणी काय करायचं, याची शाळेत पहिल्यांदाच तालीम होती. शिपायाने मोठं फाटक उघडायचं, कारकुनाने अँब्युलन्सला फोन लावायचा, नर्सबाईंनी मुलीपाशी बसायचं. पडायला कोण तयार, असं विचारल्यावर फुटबॉल संघाच्या गोलकीपरने, म्हणजे हिने, सगळ्यांच्या आधी हात वर केला. एरवी हिला दोन मिनिटं एका जागी बसवायचं तर आईच्या नाकी नऊ यायचे. खेळाच्या सरांनी तिच्या हातात चिठ्ठी दिली. 'डावा पाय मोडला आहे.'

फाटकाची किल्ली सापडेना. अँब्युलन्स बाहेर हॉर्न वाजवत राहिली.

"काल इथंच टांगली होती," शिपाई म्हणाला.

"खरंच कोणी पडलं असतं तर आज आपली खैर नव्हती," एक वडील म्हणाले.

किल्ली मिळाली, गाडी आत आली, पायाला फळी बांधली गेली. नर्सबाईंनी कागदावर बघून ठरलेले प्रश्न सुरू केले.

"आज वार कोणता?"

लेक बराच वेळ आभाळाकडे बघत राहिली. "रविवार."

शुक्रवार होता. पालकांत खसखस पिकली.

"कालची मॅच कोणी जिंकली?"

"काल? काल कुठे होती मॅच?"

"अगं भिंत," सर ओरडले, गोलपोस्टपुढे ती उभी राहायची तशी ते तिला भिंतच म्हणत, "पाय मोडलाय तुझा, डोकं नाही! चिठ्ठी नीट वाच!"

सगळे हसले. "छुपी रुस्तम निघाली हो तुमची," शेजारची बाई म्हणाली. "नाटकात घाला तिला."

आई हसली नाही. लहानपणी खोटं खोटं मरायचं म्हटलं तरी या पोरीला आधी हसू फुटायचं. आत्ता ओठाचा कोपरासुद्धा हलला नव्हता. आई दोरीखालून वाकून आत शिरली.

"अहो, पालकांनी आत यायचं नाही. तसं ठरलंय."

"ठरलंय ते राहू द्या, सर." ती गवतावर गुडघे टेकून बसली. "पिल्लू, इकडे बघ. डोकं दुखतंय?"

"काही नाही." मग अगदी हळू, "मॅचमध्ये कॉर्नरला समोरच्या संघातल्या त्या मुलीचं अन् माझं डोकं आपटलं. सरांना नको सांगूस. फायनलला बाहेर बसवतील. आज नुसतं पडायचं होतं ना, म्हणून..."

नर्सबाईंच्या हातातला कागद खाली आला.

"स्ट्रेचर आणा," त्या म्हणाल्या. "मान हलवू नका. आता खरंच."

सरांच्या तोंडात शिटी होती. ती काढून त्यांनी स्ट्रेचरचा एक दांडा धरला. चार जणांनी मुलीला उचललं. घाईत धडधाकट डाव्या पायाची फळी सोडायची राहूनच गेली.

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर आईने विचारलं, "आणि ती दुसरी?"

"तीपण उठली. आम्ही एकमेकींना टाळी दिली."

त्या दुसऱ्या मुलीच्या शाळेत फोन वाजतोय, कुणी उचलत नाही. सुटली असेल शाळा. मुलगी उंच आहे, केस बारीक कापलेले, पाठीवर नऊ नंबर. तुमच्याच घरातली असेल तर हे वाचणं आधी बाजूला ठेवा आणि तिच्या खोलीत जा. झोपली असेल तर उठवून बघा.