पायाखालची नोट

वीजबिलाच्या रांगेत पाचशेची नोट पडलेली दिसली आणि माझा पाय आपसूक तिच्यावर गेला. बत्तीस वर्षं मुलांना प्रामाणिकपणा शिकवलेल्या माणसाचा पाय, पण काय चपळ!

रांग पुढे सरकली. मला हलता येईना. "तुम्ही व्हा पुढे, मला घाई नाही," म्हणत मी एकेकाला वाट देत राहिलो.

"गुरुजी म्हणजे अगदी संत!" मागचे मोघे म्हणाले. मी नम्रपणे हसलो.

इतक्यात आमच्या गल्लीत धुणीभांडी करणाऱ्या सगुणाबाई बिलाच्या खिडकीपासून रडवेल्या होऊन परत आल्या. "गुरुजी, माझी पाचशेची नोट दिसली का हो? आज बिल नाही भरलं तर वीज तोडतील."

"जिन्याखाली बघा बरं," मी जागचा न हलता सुचवलं.

बिचाऱ्या खरंच जिन्याखाली वाकल्या, हातांनी धूळ चाचपू लागल्या. ते मात्र मला बघवेना. मी पाय उचलला. "अहो, ही काय, इथेच आहे!"

नोटेवर माझ्या चपलेचा ठसा उमटला होता. तो पदराने पुसून त्यांनी माझ्या पायांवर डोकं टेकलं.

"सुखी राहा," असा आशीर्वादही मी दिला.