साडीचोळी

वडिलांची शेती नव्या बंदरासाठी गेली होती आणि बदल्यात मिळणाऱ्या प्लॉटमध्ये रंजनाचाही हिस्सा होता. ती बंदरावरच्या जर्मन इंजिनिअरशी लग्न करतेय म्हटल्यावर तिच्या भावाने, हसुरामदादाने, तिला थेट वाशीला वकिलाकडे नेलं.

“तुज्याच भल्यासाठी सांगतो,” दादा म्हणाला. “गोरा मानूस हाय. उद्या तुजा हिस्सा विकून इमानात बसला, तर कोनाच्या दारात उभी राशील? त्यापेक्षा आताच हक्क सोडून दे. जमीन माज्या नावावर राहिली म्हंजे तुजीच राहिली.”

रंजनाला पटलं. बाप गेल्यावरही आपली एवढी काळजी करणारं कुणी आहे, म्हणून तिला भरूनच आलं. तिने हक्कसोडपत्रावर सही केली. बाहेर पडल्यावर दादाने, हक्क सोडणाऱ्या बहिणीला देतात त्या रीतीप्रमाणे, सेक्टर सतराच्या दुकानातून तिला साडीचोळी घेतली. साडी लाल, चांगली भारीतली.

संध्याकाळी थोरल्या गुलाबताईने त्या साडीचा पदर हातात घेऊन पाहिला. ताईला शेजारच्याच जासई गावात दिलेली.

“सही केलीस?”

“हो. योहान पडला परदेशी. उगाच धोका नको.”

“माज्या येलेला हिरवी दिलती,” ताई म्हणाली.

“तू पण सही केलीस? अगं, पण भावोजी तर इथले, जासईचे!”

ताईने साडीची घडी नीट घातली.

“दादा बोलला, गावाबाहेरचा मानूस, त्याचा काय भरवसा?”