सात नंबरचा खोकला

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मूल्यमापन अधिकारी चिंध्यांच्या शेडमध्ये शिरली. वीस बायका जुने कपडे फाडत बसल्या होत्या. तिने रुमाल नाकाला लावला आणि कामाला लागली.

शहराचा कचरा कमी व्हावा आणि बायकांच्या हाताला काम मिळावं, अशी ही योजना. अशाच आणखी सहा शेड उघडायच्या की नाहीत, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं.

शेडमध्ये ती पहिल्यांदाच येत होती, गेल्या वर्षी तक्ता दुसऱ्याच कोणी भरला होता; पण तो आखलेला तिनेच. आधी त्यात फक्त टनांचे रकाने होते. बायकांची तब्येत आणि शेडमधली हवा, हे दोन तिने भांडून घातले. "उद्या चिंध्यांनाही विचारशील, सासरी सुखी आहात का म्हणून," साहेब हसले होते. खरं बोलणारीवर कोणी डूख धरू नये, म्हणून नावं गाळून फक्त बिल्ल्याचा नंबर लिहायचा, हाही नियम तिचाच.

"चौदा नंबर?"

कोणी हललं नाही. शेजारणीने कोपराने ढोसल्यावर एक तरणी मुलगी उठली. एप्रन तिच्या घोट्यापर्यंत लोंबत होता.

"खोकला?"

"नाही."

"गेल्या वर्षी होता."

मुलीने मुकादमाकडे पाहिलं. "आता नाही."

"पंखे बसवले ना आपण," मुकादम म्हणाला. "बघा, कशा टवटवीत दिसतायत सगळ्या."

गेल्या वर्षी अकराजणी खोकत होत्या. यंदा एकच, सात नंबरची मावशी. तिने बेरीज दोनदा तपासली. भांडून घेतलेले रकाने पहिल्यांदाच काही चांगलं सांगत होते. बारा वाजता तिने मोबाइलवरूनच अहवाल पाठवला : हवेत लक्षणीय सुधारणा, सहाही शेड मंजूर कराव्यात.

फाटकापाशी मावशीने तिला गाठलं. खोकल्याची उबळ जिरेपर्यंत दोघी थांबल्या.

"काय हो मावशी, सगळ्या बऱ्या झाल्या, तुम्हीच मागे राहिलात!"

"हो ना, मीच राहिले तेवढी. म्हणून विचारते, बाई. मी डोळे मिटल्यावर माझा बिल्ला सुनेला मिळेल ना? त्या दहाजणींचा मिळाला तसा, लेकीसुनांना?"