कावळ्याचा चष्मा

"साहेब, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचाच काय, माझ्या सख्ख्या आईचाही विश्वास बसायचा नाही," असं म्हणून त्यानं घसा खाकरला. हवालदारांनी पेनाचं टोपण काढलं. चौकीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि एकच दार. त्या दाराकडे जायचं तर हवालदारांच्या पोटाला वळसा घालूनच जावं लागलं असतं.

गुन्हा म्हणाल तर नखाएवढा. हा चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस. बसचा पास काल संपला, नव्या पासाची रांग बघूनच हा परत फिरला, म्हणून आज भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा, पास खिशात घालून कामाला निघाला. पासावरचा फोटो घामानं असा धुऊन निघाला होता की तो कुणाचाही म्हणून खपला असता. तपासनिसानं नाव विचारलं, ह्यानं बेधडक भाऊजींचं ठोकून दिलं. तपासनिसानं खिशातून एक कागद काढला, नंबर ताडून पाहिला आणि भर बसमध्ये ओरडला, "सापडले!"

कागद बेपत्ता माणसाच्या तक्रारीचा होता, पोलिसांनी बस डेपोत वाटलेला. तक्रार ताईची. आणि तिचा मजकूर, पासाच्या नंबरासकट, तिच्याच स्वयंपाकघरात बसून, डोळ्यांत पाणी आणून ह्यानंच लिहून दिला होता.

कारण भाऊजी नऊ दिवस ह्याच्याच घरी लोळत होते. ताईशी वाजलं, तसे पिशवी घेऊन इथं आले. "चार दिवस डोकं शांत होऊ दे, तिला बोलू नकोस," म्हणाले. ह्यानं शब्द देऊन टाकला. चाराचे नऊ झाले. रोज संध्याकाळी ताईबरोबर दवाखाने पालथे घालायचे, तिला धीर द्यायचा, आणि घरी येऊन भाऊजींना गरम गरम वाढायचं, अशी दुहेरी नोकरी सुरू झाली.

चौकीतली पहिली दहा मिनिटं झकास गेली. तीन वर्षांत हरवलेला माणूस सापडायची ही पहिलीच वेळ. हवालदारांनी चहा मागवला.

"तुमच्या बायकोला निरोप धाडलाय. आल्या की सही घेतो आणि तुम्हाला त्यांच्या ताब्यात देतो."

ह्यानं कप टेबलावर ठेवला. "साहेब, मी तो नव्हेच!"

हवालदारांनी उरलेला चहा काढून घेतला. "मग तो कुठंय? त्याचा पास तुझ्याकडे कसा? काय केलंस त्याचं?"

एका घोटात 'तुम्ही'चा 'तू' झाला. मीच भाऊजी म्हणावं, तर बायको म्हणून सख्खी बहीण येतेय. नाही म्हणावं, तर मुडदा कुठं पुरला ते सांगा. आणि खरं सांगावं, तर ताईला ह्याच्याशिवाय दुसरं माहेर उरलेलं नाही. तिनं गेल्या नऊ दिवसांत जगातल्या एकाच माणसावर विश्वास ठेवला होता, आणि तो माणूस आता थापेच्या शोधात छताकडे बघत होता.

"आमच्या दुकानाच्या खिडकीत एक कावळा येतो, साहेब," तो म्हणाला. "नजर अधू. समोरचा तुकडा दिसायचा नाही, भलतीकडेच चोच मारायचा. मला बघवेना. मी त्याला चष्मा करून दिला."

हवालदारांनी लिहिलं. मग थांबले. "नंबर?"

"उणे दोन."

"काड्या अडकवायच्या कशाला? कावळ्याला कान कुठं असतात?"

"दोरी लावलीय, साहेब. मागून गाठ." तो आता रंगात आला. "तेव्हापासून त्याला पार लांबचं दिसायला लागलं. रस्त्यात पडलेलं काहीही उचलतो आणि उपकार फेडायला मला आणून देतो. चमचे आणले, एकदा तर डॉक्टरांची दाराची पाटी आणली. परवा हा पास आणला. मला वाटलं, आता पक्ष्याचं मन कशाला मोडा."

हवालदारांनी दोरी आणि गाठसुद्धा लिहून घेतली. त्यांना पटलं होतं की नाही, देव जाणे. पण हात थांबला नाही. ह्याच्या जरा जिवात जीव आला. मग त्याचं लक्ष दाराकडे गेलं.

ताई उभी होती. धावत आली असावी, पदर अजून कमरेला खोचलेला. ती सरळ टेबलाशी गेली. टेबलावरचा पास तिनं उचलला. त्याला कापडी कव्हर होतं, कोपरे काटेकोर दुमडलेले. भाऊजी पडले बाइंडर. हात रिकामे राहिले की दिसेल त्या वस्तूला पुठ्ठा आणि कापड चढवायचे. ताईनं कापडावरून अंगठा फिरवला.

"बाई, हा तुमचा नवरा?"

"नाही. भाऊ."

"कावळ्याचं ऐकलंत?"

"ऐकलं." तिचा आवाज अगदी साधा होता. "हे घरातून गेले तेव्हा पासाला कव्हर नव्हतं, साहेब. हे नवं आहे, खळीचा वास येतोय अजून. आणि कापड ह्याच्या खिडकीच्या पडद्याचं. ते पडदे मी शिवलेत."

"ताई, अगं कावळा..."

"नऊ दिवस रे," ती म्हणाली. "नऊ दिवस."

तिनं खोचलेला पदर सोडला आणि पुन्हा घट्ट खोचला.

"साहेब, खोटं बोलतोय हा. ह्याच्या दोन खोल्यांत माणूस लपवायला माळ्याशिवाय जागा नाही. ह्याला तासभर इथंच बसवून ठेवा. मी तेवढ्यात जाऊन माळ्याची शिडी काढून येते."