कुंपणावरचा हातमोजा

हातमोजा इडुनचाच होता. हिरवा, मनगटाशी पिवळ्या चांदण्यांची रांग. नदीकाठच्या लोखंडी कुंपणाच्या टोकावर कुणीतरी तो अडकवून ठेवला होता आणि त्यातून पाणी ठिबकत होतं.

गुनवोर दहा पावलांवर थांबली. स्वतःच्या हाताने विणलेली वस्तू तिला लांबूनही ओळखू आली. नाताळात तिने ही जोडी लेकीला दिली होती. सहा जानेवारीला इडुन घर सोडून गेली, तेव्हा हेच हातमोजे तिच्या हातात होते. त्याला आता तीन महिने उलटून गेले. फोन बंद. पोलीस दोनदा येऊन कॉफी पिऊन गेले. ‘एकोणीस वर्षांची मुलगी आहे, येईल,’ म्हणाले. तिसऱ्यांदा आले तेव्हा कॉफी नको म्हणाले आणि ती नदीकडे फिरायला जायची का, असं विचारलं.

भांडण तरी केवढ्याशा गोष्टीवरून! इडुन एक फाटका पायमोजा कचऱ्यात टाकत होती.

“रफू कर की,” गुनवोर म्हणाली.

“रफू करत कोण बसतं, आई? नवा मिळतो.”

झालं. गुनवोरचं डोकं फिरलं. “एक टाका तुला धड येत नाही. शंभरदा सांगितलं, गाठ आत ठेवू नकोस, टोचते. तरी आतच ठेवतेस. तुझं सगळंच असलं, अर्धवट! जा, जिथे सगळं नवं मिळतं तिथेच राहा जाऊन.”

इडुन गेली. त्या संध्याकाळी जो बर्फ सुरू झाला तो चार दिवस थांबला नाही.

आता एप्रिल होता. ऊन पडलं आणि ऑस्लो शहर येडं झालं. हवेत धड सात अंशही ऊब नाही, पण माणसं कॅफेच्या बाहेर मांडीवर घोंगड्या घेऊन, डोळे मिटून, उन्हाकडे तोंड करून बिअर पीत बसलेली. गटाराच्या कडेला पिवळी रानफुलं उगवली होती. त्यांचं सगळ्यांना कोण कौतुक! गुनवोरला मात्र या उन्हाची धास्ती बसली होती. बर्फ हिवाळाभर जे गिळतो ते वसंतात एकेक करून परत देतो. चाव्या, सायकली, कुत्र्यांची घाण. आणि हातमोजे.

या शहरात शेजारी शेजाऱ्याशी जिन्यातसुद्धा बोलत नाही. पण रस्त्यात कुणाचा हातमोजा पडलेला दिसला, तर तो जवळच्या कुंपणावर अडकवल्याशिवाय पुढे जात नाही. गुनवोर रोज सकाळी नदीकाठची सगळी कुंपणं पाहत जायची. कुजके, चिखलाने कडक झालेले, लहान मुलांचे, म्हाताऱ्यांचे. त्यांत हिरवा नसला की तिला आणखी एक दिवस जगता यायचं.

आज हिरवा होता.

ती धावली आणि तिने तो ओढून काढला.

“ओ ताई! काढू नका तो!” बर्फावरून कुणी घसरू नये म्हणून हिवाळ्यात फुटपाथवर टाकलेली खडी झाडून गोळा करणारा हालवार नारिंगी जाकिटात पलीकडे उभा होता. “ज्याचा आहे तो शोधत येईल ना. राहू द्या तिथेच.”

“तुम्ही अडकवलात? कुठे सापडला? पाण्यात?”

“मी नाही. मी आलो तेव्हा इथेच होता. पाऊस होता पहाटे, सगळेच भिजलेत. तुमचा आहे का?”

“माझ्या मुलीचा.”

“मग झालं की! येईल ती शोधत.”

“ती नाही येणार,” गुनवोर म्हणाली. तिच्या तोंडून हे पहिल्यांदाच बाहेर पडलं, आणि ऐकून तिची तीच हादरली.

हालवारने झाडू कुंपणाला टेकवला आणि टोपी काढली.

तिने हातमोजा पिळला. मातकट पाणी निघालं. आता हा पोलिसांकडे न्यायचा. ते तो पिशवीत घालतील, पिशवीवर आकडा लिहितील, आणि नदीत माणसं उतरवतील. त्याआधी एकदा, फक्त एकदा, लेकीचा हात जिथे होता तिथे आपला हात जावा म्हणून तिने तो हातात चढवला. थंड, गच्च ओला. बोटं आत गेली. अंगठा आत गेला आणि टोकाशी अडला. काहीतरी टोचलं.

गुनवोर जागीच थबकली. तिने घाईघाईने हात बाहेर काढला, हातमोजा उलटा केला आणि उजेडात धरला. बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग तो पुन्हा सुलटा केला, होता त्याच टोकावर नीट अडकवला आणि समोरच्या ओल्या बाकावर जाऊन बसली.

“अहो, काय झालं?” हालवार घाबरला. “पोलिसांना बोलावू का?”

“नको. मी इथेच बसते. ती शोधत येईल.”

“आत्ता तर म्हणालात, येणार नाही.”

“घर सोडलं तेव्हा जोडी कोरी होती हो, पंधरा दिवसांचीसुद्धा नव्हती,” गुनवोर म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. “भोक पडायला ती आख्खा हिवाळा वापरावी लागते.”

अंगठ्याच्या टोकाला निळ्या लोकरीचं रफू होतं. निळी लोकर गुनवोरच्या घरात कधीच नव्हती. टाके वेडेवाकडे होते, आणि गाठ आतल्या बाजूला होती.